शून्य कोणाच्या खिशात?

अंबरनाथ हे एके काळी आगपेट्यांचं गाव. विमकोचा कारखाना इथलाच. तेव्हा अधूनमधून एखादी काडी ओढायचा हक्क अंबरनाथकराला असावा, असं माझं नम्र मत आहे.

आजच्या काडीचं निमित्त आमचे शेजारी अण्णा. गोव्यातल्या कॅसिनोचं नाव काढलं की अण्णांचा पारा चढतो. "रूलेट! साहेबाची थेरं! आपल्यात होतं का हो हे?" आणि महाशिवरात्रीच्या जत्रेचा विषय निघाला, की हेच अण्णा लहानपणच्या चक्रीच्या आठवणीने विरघळतात. छत्री, ससा, कबूतर, फुलपाखरू! ती मात्र 'गंमत'!

अण्णा, जरा हिशेब करू. समजा, चक्रीवर १२ चित्रं आहेत आणि लागलेल्या चित्राला रुपयाचे १० मिळतात. सगळ्या चित्रांवर एकेक रुपया लावा. १२ गेले, १० आले. म्हणजे चक्रीवाल्याला शेकडा जवळजवळ १७!

आता रूलेट. ते साहेबाचंही नव्हे, फ्रेंचांचं. शब्दाचा अर्थ छोटं चाक. अठराव्या शतकात ते पॅरिसात फिरू लागलं तेव्हा त्यावर ३६ आकडे आणि दोन शून्यं होती. आकडा लागला तर लावलेला रुपया धरून ३६ परत. शून्यांची कमाई मालकाची. १८४३ साली जर्मनीतल्या होम्बुर्गला ब्लां बंधूंनी गिऱ्हाईक ओढण्यासाठी एक शून्य पुसलं. ३७ घ्यायचे, ३६ द्यायचे. शेकडा पावणेतीनच्याही आत. अमेरिकेने दोन्ही शून्यं ठेवली, तिथे सव्वापाच झाले. लास वेगासच्या काही चाकांवर तर आता तीन शून्यं आहेत. शून्य आपण जगाला दिलं म्हणून अण्णा छाती फुगवतात. त्याचं व्याज कोण खातंय बघा!

कॅसिनोवाला लुटतो, याबद्दल वाद नाही. पण तो आपलं शून्य हिरवं रंगवून डोळ्यांसमोर ठेवतो. चक्रीवाल्याचं शून्य दहा आणि बाराच्या फटीत लपलेलं असतं.

सरकारही अण्णांच्याच वळणाचं. १८८७ चा जुगारबंदी कायदा असताना १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली. १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, ४७ वर्षं तो लागूच केला नाही आणि २०२३ साली रद्द केला. बारसं झालं, मूल घरी आलंच नाही, शेवटी बारावं उरकलं!

देशी-परदेशी हा वादच पोकळ आहे. ऋग्वेदातला जुगारी बेहड्याच्या फाशांपायी घर घालवून रडतो. सासूसुद्धा त्याचा तिरस्कार करते. विचारायचं ते एवढंच, की बाबा रे, घेतोस किती आणि देतोस किती? ओव्हरटाइमचे पैसे खिशात घालून जत्रेत शिरणारं पोरगं पणजीच्या बोटीपर्यंत पोचतच नाही. त्याचा खिसा कापते ती तुमची 'गंमत'.

त्याला संस्कृती नंतर शिकवा, अण्णा. आधी वजाबाकी शिकवा.