एकटं कोण पडतं?

"अगं, पण ती चार मुलांत मिसळणार कशी?"

लेकीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवल्यापासून हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल! आत्या, मामी, भाजीवाल्या मावशी... काळजी सगळ्यांची खरी. मी हसून ठरलेलं उत्तर द्यायचे.

खरं सांगू? लेक एकटी पडलीच नव्हती. खाली खेळायला पोरं होती, शेजारच्या आजी होत्या. एकटी पडले होते मी.

एकदा भागाकारावरून मी तिच्यावर इतकी ओरडले की तिनं वही मिटली आणि शांतपणे विचारलं, "आई, शाळेत पण असंच ओरडतात का?" हे सांगणार कुणाला? घरी सांगितलं तर उत्तर तयार, "मग घाल की शाळेत!" म्हणून सगळ्यांना "मस्त चाललंय" एवढंच सांगत राहिले.

मग ओळखीतून कळलं, अशीच चार-पाच कुटुंबं रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर भेटतात. गेलो. पाच वर्षांच्या चिमुरडीपासून चौदा वर्षांच्या दादापर्यंत सगळे एकत्र हुंदडत होते. एक बाबा मला म्हणाले, "आमच्याकडे सहा महिने गणित बंदच आहे. मुलगा नुसती सायकल उघडतो नि जोडतो." मला एकदम हलकं वाटलं. मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, हेही तिथेच समजलं.

अमेरिकेत जॉन होल्टनं 1977 साली 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक काढलं. त्यात पालकांची पत्रं असत, आणि ज्यांना भेटायची तयारी आहे अशा कुटुंबांची यादीही. म्हणजे अभ्यासक्रमाइतकीच सोबतही लागते, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. आपल्याकडे तर ती जास्तच लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 10 नुसार मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, आणि घरी शिकवण्याबद्दल त्या कायद्यात अवाक्षर नाही. अशा अधांतरी जागी एकट्यानं उभं राहणं कठीणच.

पण माझं स्पष्ट मत आहे, या गोतावळ्यात फक्त कौतुकं सांगायची असतील तर तो काही कामाचा नाही. फसलेले दिवसही सांगता आले पाहिजेत. आणि शाळेला नावं ठेवणं तर आधी थांबवावं. आमचं घर एका पगारात भागतं, मला घरी थांबता येतं, म्हणून ही चैन. कितीतरी मुलींना घराबाहेर पडायला शाळा हीच एक वाट असते. हे विसरलो तर आपला नुसता एक शिष्ट क्लब होईल.

परवा लेक म्हणाली, "जूनपासून शाळेत जाऊन बघू का?" मी हो म्हटलं. टेकडीवर सांगितलं तेव्हा कुणीही तोंड वाकडं केलं नाही. त्या क्षणी वाटलं, ही माणसं आपली.

तेव्हा आत्या, पुढच्या वेळी तो प्रश्न जरूर विचार. या वेळी खरं उत्तर देईन!