शब्द नाहीत, मग ऐकायचं काय?

विषय बघून काहीजण म्हणतील, बाईंचं हे काय नवीनच! पण या महिन्यात तीन नातेवाइकांनी मला एकच गळ घातली, म्हणून उत्तर इथेच लिहिते. फोनवर तीनदा सांगायला नको.

आमच्या भाच्याचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. गिटार वाजवतो, आणि जे वाजवतो त्यात गाणंच नसतं, नुसता धडधडाट. "तुमचं ऐकतो तो, जरा समजवा." म्हणजे काय, तर ते सोड, नाहीतर निदान ओळखीची गाणी तरी वाजव, असं मी त्याला सांगावं.

मी सांगणार नाही.

त्याने मला ऐकवला तो अल्बम 'द मिनर्व्हा कंडक्ट'. बँडचंही नाव तेच. मुंबईचा बँड, २०१७ सालचा अल्बम. गिटारवर प्रतीक राजगोपाल आणि निशिथ हेगडे, बेसवर अश्विन श्रियान आणि ड्रम्सवर नॅव्हीन कोपरवाइस नावाचा अमेरिकन वादक. या प्रकाराला म्हणे प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. आपली ही तिघं गटस्लिट, डेमॉनिक रिझरेक्शन अशा बँडांत वाजवत आलेली, आणि तिथे गायक पार घशाच्या तळातून गुरगुरतो. (तेही ऐकलं. दहा मिनिटं.) या अल्बमात त्यांनी गायकच ठेवला नाही. शब्द नाहीत, गुरगुर नाही. जे सांगायचं ते चार वाद्यांनी.

आता आपली मराठी माणसांची अडचण इथेच आहे. आपले कान शब्दांनी घडवले. अभंग, कीर्तन, नाट्यपद, भावगीत, सगळीकडे सूर शब्दाचं बोट धरून चालतो. मी जन्मभर वर्गात "कवीला काय म्हणायचे आहे?" हा प्रश्न विचारला आणि कवितेला तो शोभतो. पण तोच प्रश्न घेऊन आपण वाद्यांकडेही जातो. रेडिओवर गिटारवर सिनेमाची गाणी लागायची ती सगळ्यांना आवडायची, कारण वाजायची गिटार आणि मनात शब्द आपण म्हणायचो. तेच शब्द काढून घेतले की आपण चाचपडायला लागतो.

बरं, नेहमीच चाचपडतो असंही नाही. १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' निघाली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. हो, गिटारच! काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस, एकही शब्द न गाता. जी मंडळी आज पोराला समजवायला सांगतात, त्यांच्यातल्याच एकांच्या घरी मी ती कॅसेट घासून जाईपर्यंत ऐकली आहे. तेव्हा कुणी विचारलं नाही, यात शब्द कुठे आहेत?

तबल्याचा सोलो ऐकणाऱ्याला तर हे संगीत अजिबात परकं वाटू नये. तिथे पेटीवर नाहीतर सारंगीवर लेहरा चालू असतो, तीच ओळ पुन्हा पुन्हा, आणि तबलजी तिच्या अंगाखांद्यावर कायदे, तुकडे, तिहाया खेळवतो. इथे गिटारची एक जाड, खर्जातली ओळ फिरत राहते, तिला ही मुलं रिफ म्हणतात, आणि ड्रम्सवाला तिच्याखालचा हिशेब बदलत जातो. चाराचा सरळ ठेका मोडून पाचाचा, साताचा. आपल्याला सात काय नवीन आहे? रूपक सातच मात्रांचा. झपताल दहाचा, दोन-तीन-दोन-तीन. आपल्या कानांना खरं तर हे इतरांपेक्षा सोपं जायला हवं.

राहिला धडधडाट. त्याचंही एक मूळ आहे. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला म्हणायचा. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा लावल्या, पुढे त्या सैल सोडून खाली उतरवल्या. त्याच्या ब्लॅक सॅबाथचा पहिला अल्बम १९७० साली आला आणि हे सगळं जड संगीत तिथून सुरू झालं असं मानतात. कारखान्याच्या गावातलं संगीत आहे हे. सोलापूरकरांना याचं नवल का वाटावं? माझं लहानपण पूर्व भागात गेलं. भिंतीला भिंत लावून माग होते आणि ते रात्रपाळीलाही चालायचे. आवाजाने आमची झोप कधी मोडली नाही. वीज गेली, माग थांबले की मात्र सगळ्या घराला जाग यायची.

आणि गोंगाटाबद्दल आपण गावाने तर बोलूच नये. मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या करून आजारी माणसांच्या खिडक्या हादरवतो तो उत्सव, आणि एक पोरगं कानात इअरफोन घालून मात्रा मोजतं तो गोंगाट! असो.

म्हणजे अल्बम मला सगळा आवडला असं नाही. श्वास घ्यायला जागा फार कमी. आवाजाची पातळी एकदा वर गेली की खाली यायला तयार नसते आणि मधल्या दोन-तीन रचना मला एकमेकींपासून वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. वादकाला येतं ते सगळं वाजवलंच पाहिजे असं नाही, हे मी पोराला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "आजी, हेच आमचे ड्रम्सवालेही म्हणतात."

त्याच्या परीक्षेची काळजी मलाही आहे आणि ती मी त्याच्याशी वेगळी बोलेन. गिटार मधे आणणार नाही. दिवाळीत तो महिनाभर इथे येतोय. सरावाला जागा नाही, घरी शेजारी ओरडतात. आमच्या ओळखीच्या एका कारखानदारांची मागाची शेड सध्या अर्धी रिकामी आहे, उरलेल्या अर्ध्या भागात टॉवेल निघतात. मी विचारून ठेवलंय. ते म्हणाले, "वाजवू दे की, आमच्या मागापुढं काय ऐकू येणार हाय?"