मॅनेजर पाहिजे

मेसच्या चहात दूध कुठंय, म्हणून आपण रोज बोंबलतो. मित्रांनो, आज त्या दुधाबद्दलच थोडं.

आमच्या गावचं दूध शीतकरण केंद्र शेतकऱ्यांच्या मालकीचं. माझे वडीलही सभासद. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री लाइट गेली. जनरेटर होता, पण डिझेल नव्हतं! मॅनेजर एका संचालकांचे मेव्हणे, ते लग्नाला गेलेले. सकाळी टँकरवाल्यानं दूध तपासलं नि तसाच परत गेला. अख्खी टाकी ओढ्यात. आमचं त्यात नऊ लिटर. वडील गप्प बसले, पण बिल कमी आलं तेव्हा आई बोललीच.

आता ती जागा रिकामी आहे. सभेत सूर असा, की ‘गावातलाच पोरगा घेऊ, कमी पगारात राहील.’ मला हे अजिबात पटत नाही.

धारेचं दूध साधारण ३७ अंशांवर असतं, ते लवकरात लवकर ४ अंशांवर आणावं लागतं. कंडेन्सरवर धूळ बसली की प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर ट्रिप होतो. हे आपण थर्ड इयरला घोकतो आणि पेपर झाला की विसरतो. पण नुसतं मशिन कळून भागत नाही. फॅट कमी लागली म्हणून भांडणाऱ्या आजीला समोर बसवून मोजून दाखवावं लागतं. माझ्या मते मुलाखत एकच घ्यावी: उमेदवाराच्या हातात लॅक्टोमीटर द्यावा, पुढ्यात पाणी घातलेला कॅन ठेवावा आणि सांगावं, ‘हा चेअरमनसाहेबांचा.’ जो कॅन परत पाठवेल, तो आपला मॅनेजर.

अर्थात त्यानंतर त्याला टिकू द्यायला हवं. डॉ. कुरियन हे आपल्यासारखेच इंजिनिअर. १९४९ साली आणंदला आले ते सरकारी नोकरीत, मनाविरुद्ध. खेडा संघाचे त्रिभुवनदास पटेल यांनी त्यांना थांबवून घेतलं आणि काम करू दिलं. कुरियन सगळ्यांना माहीत असतात, त्रिभुवनदास किती जणांना? आमच्याकडे मॅनेजरला डिझेलसाठीसुद्धा तीन सह्या लागतात.

हे सगळं परवा फोनवर वडिलांना ऐकवलं. ते म्हणाले, “मग तूच कर की अर्ज.”

मी म्हटलं, “अण्णा, कॅम्पस इंटरव्ह्यू आहेत.” अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. फॉर्म अजून बॅगेतच आहे.