घरचा वैद्य : आंकड्याची भीति

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात, "माझा पुतण्या पंचवीस वर्षांचा आहे. जन्माच्या वेळीं त्याची नोंद मुलगी म्हणून झाली होती. आठ महिन्यांपासून डॉक्टरांच्या देखरेखीखालीं तो टेस्टोस्टेरॉनचीं इंजेक्शनें घेत आहे. आवाज फुटला, मिसरूड आलें; घरांतील वडीलधाऱ्यांनींही हळूहळू समजून घेतलें. परवां मात्र रक्ताच्या अहवालांत इस्ट्रोजेनचा आंकडा पाहून तो अगदीं हिरमुसला. 'आत्या, हें शून्य झालें पाहिजे,' म्हणतो, आणि इस्ट्रोजेन दाबणाऱ्या गोळ्या मित्राकरवीं मागविण्याच्या विचारांत आहे. त्याला काय सांगूं?"

आत्याबाई, प्रथम त्याला हें सांगा कीं, इस्ट्रोजेन हा केवळ स्त्रियांचा अंतःस्राव आहे, ही समजूतच चुकीची आहे. घरांतील प्रत्येक पुरुषाच्या, अगदीं आजोबांच्याही, रक्तांत तो असतो. तो येतो कोठून? बहुतांशीं टेस्टोस्टेरॉनमधूनच! शरीरांत, विशेषतः मेदांत, अरोमाटेज नांवाचें एन्झाइम असतें; तें टेस्टोस्टेरॉनच्या थोड्या अंशाचें रूपांतर इस्ट्रोजेनमध्यें करतें.

पुरुषाला त्याचा उपयोग काय, हें १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका रोगवृत्तावरून ध्यानांत येईल. अठ्ठावीस वर्षांच्या एका पुरुषाच्या शरीरावर जन्मतःच इस्ट्रोजेनचा परिणाम होत नव्हता. टेस्टोस्टेरॉन पुरेसें होतें. तरी उंची २०४ सेंटिमीटर होऊनही वाढ थांबली नव्हती, आणि हाडें ठिसूळ झालीं होतीं. तात्पर्य, पुरुषाचीं हाडें बळकट राहण्यासही थोडें इस्ट्रोजेन अवश्य लागतें.

टेस्टोस्टेरॉन योग्य मात्रेंत चालू असलें म्हणजे बीजकोशांचें कार्य मंदावतें, मासिक पाळी बहुधा कांहीं महिन्यांत थांबते, आणि इस्ट्रोजेनही बहुतेकांच्या बाबतींत आपोआप खालीं येतें. अमेरिकेंतील एंडोक्राइन सोसायटीनें २०१७ सालीं दिलेल्या सूचनांप्रमाणें पहिल्या वर्षीं दर तीन महिन्यांनीं व पुढें वर्षांतून एक-दोन वेळां तपासणी करावी. ध्येय आहे तें टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या नेहमींच्या मर्यादेंत राखण्याचें. इस्ट्रोजेन शून्यावर आणण्याचें नव्हे.

ज्या गोळ्या तो मागवूं पाहतो, त्या अरोमाटेजला अडविणाऱ्या असून मुख्यतः स्तनाच्या कर्करोगावर वापरतात. त्यांनीं सांधे दुखतात व हाडें झिजतात. विशेष कारण असल्यास तज्ज्ञानें द्याव्यात. मित्राकरवीं मागवूं नयेत. तसेंच इंजेक्शनाची मात्राही मनानें वाढवूं नये. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचाही कांहीं अंश इस्ट्रोजेनच होणार. शिवाय तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतें. म्हणूनच हिमॅटोक्रिट वरचेवर तपासतात, आणि तें ५४ टक्क्यांच्या वर जाऊं देत नाहींत.

अहवाल वाचतांना दोन गोष्टी पाहाव्यात. इंजेक्शनानंतर कितव्या दिवशीं रक्त दिलें, कारण आंकडा त्याप्रमाणें बदलतो. आणि कडेला छापलेली मर्यादा स्त्रीची आहे कीं पुरुषाची. थांबलेला रक्तस्राव पुन्हां सुरू झाला, तर डॉक्टरांना जरूर कळवावें. पाळी थांबली म्हणजे गर्भधारणेची शक्यता संपली असें मात्र समजूं नये. टेस्टोस्टेरॉन हें संततिनियमनाचें साधन नव्हे. पुढें कधीं बीजकोश काढले, तर टेस्टोस्टेरॉन परस्पर बंद करूं नये. दोन्ही अंतःस्राव एकदम हरपून हाडांची हानि होते.

असो. आत्याबाई, पुतण्याला झालेलें दुःख केवळ आंकड्याचें नाहीं. आपल्या पुरुषपणाचा निकाल त्या कागदावर लागला, असें त्याला वाटलें. तसा निकाल कोणत्याही प्रयोगशाळेंत लागत नसतो. हें त्याला प्रेमानें समजावा, आणि पुढच्या तपासणीस तो जाईल तेव्हां, त्याची इच्छा असल्यास, तुम्हीही त्याच्याबरोबर जा. घरचें माणूस शेजारीं बसलें, म्हणजे मनांतील शंका डॉक्टरांपुढें बोलून दाखविणें सोपें जातें, आणि गोळ्या चोरून मागविण्याची पाळीच येत नाहीं.