माफीनामा नको, हक्क हवा!

५ सप्टेंबर २००६ रोजी अमेरिकेतील फेसबुक कंपनीने आपल्या संकेतस्थळाचे रूप बदलले. तोवर मित्राची खबर घ्यायची तर त्याच्या पानावर जावे लागे. आता कोणी कोणता फोटो टाकला, कोणाचे प्रेमसंबंध तुटले, याची जंत्री प्रत्येकासमोर आपोआप येऊ लागली. तिचे नाव 'न्यूज फीड'. तेव्हा हे संकेतस्थळ मुख्यतः विद्यार्थ्यांचे होते. विद्यार्थी खवळले. निषेधासाठी तिथेच निघालेल्या एका गटात काही दिवसांतच सुमारे ७ लाख लोक सामील झाले.

लोकांना बदल आवडत नाही, सवय झाली की गप्प बसतात, असे यावर शहाणे लोक म्हणाले. आम्हाला हे मान्य नाही. कंपनीचा युक्तिवाद असा होता की, जे आधी दिसत होते तेच आता दिसते आहे, नवे काहीच उघड केलेले नाही. वरवर हे खरे आहे. परंतु घरी आलेल्या मित्राला एखादी गोष्ट कळणे आणि तिचीच गावभर दवंडी पिटणे, या दोन गोष्टी एक कशा? भांडण रंगरूपाचे नव्हतेच. भांडण होते संमतीचे!

तीन दिवसांनी मार्क झुकेरबर्ग यांनी माफी मागितली आणि काय दिसावे, काय दिसू नये हे ठरवण्याची सोय दिली. न्यूज फीड मात्र कायम राहिले. ही सोय म्हणजे कंपनीची मेहेरबानी होती, आणि मेहेरबानी देणाराच ती काढूनही घेतो. डिसेंबर २००९ मध्ये तसेच झाले. संकेतस्थळात पुन्हा बदल केला गेला आणि लोकांनी खाजगी ठेवलेली मित्रांची यादीसुद्धा उघडी पडली. आधी सूचना नाही, परवानगी नाही. हा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०११ साली ठेवला व कंपनीला संमतीच्या अटीने बांधले. त्या आदेशाचा भंग केल्याबद्दल २०१९ साली ५०० कोटी डॉलर दंड झाला. जे माफीनाम्याने झाले नाही, ते कायद्याने करावे लागले.

हा प्रश्न परदेशी विद्यार्थ्यांपुरता नाही. तेच फेसबुक आज आपल्या मुलांच्या हातात आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या कायद्यात संमती मुक्त, नेमकी व माहितीपूर्ण हवी असे लिहिले आहे. पण न वाचता दाबलेले 'मान्य आहे'चे बटण ही मुक्त संमती कशी? कायदा कागदावर आला म्हणून तो आपोआप राबत नाही. तेव्हा पडद्यावर काही बदलले की, रंग कसा आहे हे नंतर पाहा. आपले काय उघडे पडले आणि ते कोणाला विचारून, हा प्रश्न आधी विचारा!