मोर्स कानाने शिकवा, आम्ही आहोत तोवर

बीड जिल्ह्यातल्या एका तरी महाविद्यालयात हॅम म्हणजे हौशी रेडिओचे केंद्र उभे राहावे आणि तिथे मुलांना ठिपक्या-रेघांचा मोर्स शिकवावा, असे मी भेटेल त्याला सांगत असतो. ‘आता हातात मोबाइल असताना?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर मराठवाड्याला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मिळाले आहे. भूकंपाने किल्लारी हादरली तेव्हा अंबाजोगाईत आम्ही सगळे अंथरुणातून उठून रस्त्यावर आलो होतो. पुढे त्या पडलेल्या गावांत हौशी रेडिओचालक आपले संच घेऊन पोचले आणि मदतीचे निरोप त्यांनी वाहिले. मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज. हॅमवाल्याला गाडीची बॅटरी आणि दोन झाडांत ताणलेली वीसेक मीटर तार पुरते.

मग बोलूनच का नाही? कारण आवाजाला लहरींची रुंद पट्टी लागते, मोर्सला अगदी चिंचोळी. खरखरीत माणसाचे बोलणे विरघळून जाते, तिथे 5 वॅटचा मोर्स स्वच्छ ऐकू येतो. परवान्यासाठी मोर्स आलाच पाहिजे, ही आंतरराष्ट्रीय सक्ती 2003 मध्ये उठली. त्याबद्दल तक्रार नाही. पण सक्ती गेली म्हणून विद्याही जाऊ द्यायची, हे मला पटत नाही.

मी तारबाबू होतो. ऊसतोडीच्या हंगामात केज-धारूरची माणसे कारखान्यांवर जात, म्हातारी मागे राहत. गावाकडून तार निघे ती ‘फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’. शब्दाला पैसे पडत, म्हणून मजकूर तेवढाच. आमच्या हातून एक अक्षर चुकले तर तिकडच्या कोपीवरचा, खोपटातला माणूस भलत्याच काळजीने गाडी धरायचा.

ते काम सगळे कानाचे. तार ऐकवणारा पितळी साउंडर शिट्टी वाजवत नाही. पट्टी खाली आपटल्याचा एक आवाज, वर उठल्याचा दुसरा. दोहोंमधले अंतर म्हणजे ठिपका की रेघ. रेघ ठिपक्याच्या तिप्पट लांब. आवाज उठून यावा म्हणून आम्ही मागे पत्र्याची रिकामी डबी खोचायचो. आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी ठिपक्या-रेघांचा तक्ता कधी भिंतीवर लावू दिला नाही. तक्ता पाठ करणारा मनात मोजत बसतो आणि पुढचे अक्षर निसटते. ‘क्यू’ म्हणजे ‘डा-डा-डि-डा’ असा अखंडच कानात बसला पाहिजे. जात्यावरच्या ओवीची चाल कुणी मात्रा मोजून शिकले नाही, तसेच हे. म्हणून तर इतक्या वर्षांनीही ते विसरत नाही.

जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली. तोवर कित्येक साउंडर पितळेच्या भावात विकले गेले होते. जे कुणाच्या माळ्यावर उरले असतील ते महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी आताच मागून घ्यावेत आणि काचेच्या कपाटात न ठेवता बॅटरीला जोडावेत. मोर्स पाठवायची नवी चावी तर मुले स्वतः करतील: लाकडी फळी, हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा, दोन स्क्रू, एक बझर. चावी बोटांनी मारायची नाही, मनगटाने दाबायची, एवढे मात्र समोर बसूनच दाखवावे लागते. खोली आणि संध्याकाळचा एक तास कोणत्याही प्राचार्यांनी द्यावा, शिकवायला मी येतो.