विश्लेषण : आठ कोअरचा प्रोसेसर ‘विंडोज ११’ला अपात्र, दोन कोअरचा पात्र... असे का?

‘विंडोज १०’चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करून मिळणारी मुदतवाढ तात्पुरतीच आहे. त्यामुळे चालू स्थितीतला जुना संगणक मोडीत काढायचा की त्यात जास्त कोअरचा प्रोसेसर बसवायचा, असा प्रश्न अनेकांपुढे आहे. मात्र, कोअर वाढवले की नवी ऑपरेटिंग सिस्टीम चालेलच, असे नाही.

अट कोअरची की आणखी कशाची?

‘विंडोज ११’साठी ६४ बिटचा, किमान दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटची सोय लागते. दोन कोअर तर कितीतरी जुन्या लॅपटॉपमध्येही असतात. घोडे अडते ते पात्र प्रोसेसरच्या यादीपाशी. एएमडीचा २०१७ सालचा ‘रायझन ७ १७००’ आठ कोअरचा असूनही २०२१च्या यादीत नव्हता. इंटेलचा दोन कोअरचा साधा ‘सेलेरॉन एन४०००’ मात्र होता.

मायक्रोसॉफ्टने यासाठी सुरक्षा, स्थैर्य ही कारणे दिली. सिस्टीमच्या गाभ्यात शिरणारा प्रत्येक कोड तपासण्याचे काम नव्या प्रोसेसरमध्ये हार्डवेअरच्या मदतीने होते. जुन्यांत त्याचा भार सॉफ्टवेअरवर पडून वेग घटतो. कारण रास्त आहे, पण रेषा सरळ नाही. इंटेलच्या सातव्या पिढीत ही सोय असूनही त्यातील बहुतेक प्रोसेसर बाहेरच राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये मोजके आत आले, त्यात मायक्रोसॉफ्टच्याच ‘सरफेस स्टुडिओ २’मधला एक होता!

नुसता प्रोसेसर बदलून भागते का?

ते मदरबोर्डवर ठरते. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डवरील सॉकेटचे नाव ‘एलजीए ११५१’. आठव्या पिढीचेही तेच. प्रोसेसर जागेवर बसतो, पण जुन्या बोर्डला तो अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे बोर्डही बदलणे आले आणि ‘फक्त प्रोसेसर’चा हिशेब कोलमडला. एएमडीच्या ‘एएम४’ बोर्डधारकांचे नशीब बरे. २०१७च्या अनेक बोर्डवर बायोस अद्ययावत केल्यावर रायझन ५००० मालिका चालते.

कोअर एकसारखे नसतील तर?

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ताकदीचे आणि कमी वीज खाणारे, असे दोन प्रकारचे कोअर येऊ लागले. कोणते काम कोणाकडे द्यावे, याबाबत प्रोसेसर सिस्टीमला सूचना देतो. त्यांचा पुरता उपयोग ‘विंडोज ११’ करते. ‘विंडोज १०’वर हे प्रोसेसर चालतात, पण कामाची वाटणी तितकी नेमकी होत नाही.

बदलण्यापूर्वी काय पाहावे?

बायोस आधी, प्रोसेसर नंतर. क्रम उलटला तर नव्या प्रोसेसरवर संगणक सुरूच होत नाही आणि जुना परत बसवावा लागतो. दुसरी गोष्ट सहज विसरली जाते. टीपीएमसाठी वेगळी चिप नसेल, तर ते काम बहुधा प्रोसेसर किंवा चिपसेटच सांभाळतो. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल, तर बदलानंतर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती आधीच लिहून ठेवावी किंवा बिटलॉकर तात्पुरते थांबवावे. की नसेल, तर प्रोसेसर कितीही कोअरचा असो, फाइल्स उघडत नाहीत.